वहिवाट

आमच्या शेवगावचे नाव परक्या मुलखात काढले म्हणजे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा दोहोंपैकी एक भाव उमटतो. पुष्कळांना ते ‘शेगाव’ असे ऐकू येते, आणि गजानन महाराजांच्या दर्शनाला कोणती गाडी सोयीची पडेल, असे ते मला भक्तिभावाने विचारू लागतात. उरलेले थोडे, ज्यांनी शाळेत इतिहासाचे पुस्तक निदान चाळले होते, ते ‘मुंगी-शेवगावचा तह तो तुमच्याकडचाच का?’ असे म्हणतात, आणि तहात काय होते ते आठवत नसल्यामुळे लगोलग पावसापाण्याच्या गोष्टींकडे वळतात. मला या दुसऱ्या वर्गाविषयी अधिक ममत्व वाटते. कारण तो तह मी एकतीस वर्षे मुलांना शिकवला.

ज्यांना तो आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी शाहू महाराजांना द्यावयाची, असे दिल्लीच्या बादशहाने १७१९ साली लिहून दिले होते. निजामुल्मुल्काला हे देणे जड जाई. तेव्हा त्याने एक वकिली युक्ती काढली. छत्रपती दोन, एक साताऱ्यास व दुसरे कोल्हापुरास. खरा धनी कोण याचा निवाडा झाल्यावाचून पैसा कोणाच्या पदरात घालावा? बाजीरावाने या शंकेचे समाधान ग्रंथांत शोधले नाही. १७२८ च्या फेब्रुवारीत त्याने निजामाला आपला जड तोफखाना मागे टाकावयास लावले आणि पालखेडजवळ गाठून त्याच्या फौजेचे अन्नपाणी तोडले. पुढे ६ मार्च १७२८ रोजी, आमच्या तालुक्यातील गोदाकाठच्या मुंगीच्या परिसरात, निजामाने शाहू महाराजांचा हक्क मान्य केला, थकलेली चौथाई देण्याचे कबूल केले आणि कोल्हापूरकरांची पाठराखण सोडण्याचे वचन दिले. ते वचन कितपत पाळले गेले, हे सांगण्यासाठी पुढचा धडा असे.

दर वर्षी कोणी तरी एक मुलगा विचारी, ‘सर, तह म्हणजे काय?’ आणि दर वर्षी मी तेच उत्तर देई : ‘जिंकणाराने हरणाराकडून लिहून घेतलेला कागद.’ ‘मग हरणारा तो पाळतो का?’ ‘जिंकणाराच्या मनगटात जोर असेतोवर.’ वर्ग हसे; घंटा होई. आपले उत्तर चतुरपणाचे आहे अशी माझी तेव्हा समजूत होती, आणि ती निवृत्तीनंतरही पुष्कळ दिवस टिकली.

तिला धक्का बसला तो एका भलत्याच ठिकाणाहून. परंतु ते सांगण्यापूर्वी मला माझ्या शेताविषयी, आणि तेथे मी केलेल्या एका पराक्रमाविषयी सांगणे भाग आहे.

मुंगीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. आजोबांच्या पश्चात माझे वडील व चुलते यांच्यात वाटणी झाली. रस्त्याकडचा तुकडा आमच्याकडे आला; आतला, ओढ्याला लागून असलेला चुलत्यांकडे गेला. आतल्या तुकड्यात जाण्याची वाट आमच्या पूर्वेच्या बांधावरून. वाटणीपत्रात विहीर आहे, आंब्याची दोन झाडे आहेत, एका मोडक्या मोटेचाही उल्लेख आहे. त्या वाटेविषयी मात्र एक अक्षर नाही. दोघे भाऊ एका ताटात जेवलेले; भावाच्या शेतात जाण्याची वाट कागदावर लिहून ठेवावी, हे त्यांना सुचलेही नसेल. मला विचाराल तर आपल्याकडच्या निम्म्या भांडणांचे मूळ पूर्वजांच्या भांडखोरपणात नाही, त्यांच्या सलोख्यात आहे.

त्या आतल्या शेताचा धनी आता माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी थोरला. मी त्याला दादा म्हणतो. पन्नासाहून अधिक वर्षे त्याची बैलगाडी त्या वाटेने गेली-आली आणि कोणाला काही वाटले नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने ऊस केला. तोडणीच्या वेळी उसाचा ट्रक याच बांधावरून आत शिरला. अवकाळी पाऊस होऊन गेलेला. चाक रुतले, बांध फुटला आणि माझ्या वेचणीला आलेल्या कपाशीच्या दोन ओळी मातीत गेल्या. दादा म्हणाला, ‘भरून देतो.’ मी जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्यावर तो म्हणाला, ‘वाट काही तुझ्या एकट्याच्या बापाची नाही,’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन गडी लावून वाटेच्या तोंडावर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले.

एवढ्यावर थांबलो असतो तर त्याला राग म्हणता आले असते. परंतु मी गावातल्या एका वकील मित्राकडे गेलो. त्याने सांगितले, ‘शेताची वाट अडवली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ सालच्या कायद्याखाली तुझ्या भावाला ती मोकळी करून घेता येईल. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे.’ घरी आल्यावर मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सहा महिन्यांपुढच्या त्या तारखेला पेन्सिलीने एक बारीक टिंब दिले. ते टिंब मी रोज पाहत असे. दादाने दावा लावला नाही. तो ओढ्यातून वळसा घालून शेतात जाऊ लागला. गाडी नेता येईना म्हणून त्याने पुढच्या वर्षी ऊस सोडला आणि नुसती बाजरी व तूर पेरली. टिंबाचा दिवस उलटला त्या संध्याकाळी मी जेवताना एक पोळी अधिक खाल्ली, हे माझ्या पत्नीच्या अजून लक्षात आहे.

दादाला एक मुलगी. ती माझ्याच शाळेत शिकली. मुंगी-शेवगावचा तह तिनेही माझ्याच तोंडून ऐकला. पुढे तिने पुण्यास कायद्याचा अभ्यास केला, आणि गेल्या वर्षी एका वर्षासाठी ती जर्मनीत हायडलबर्गला संशोधनास गेली. जाण्यापूर्वी ती मला नमस्कार करायला आली. आमची वाट बंद झाली होती, उंबरा बंद झाला नव्हता. कुंपणाविषयी ती एक शब्द बोलली नाही. त्याच दिवशी सकाळी मी विहिरीवरून पाहिले होते : दादा पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून ओढ्यातून चालला आहे आणि मागून पोरगी हातात चपला घेऊन चालली आहे. मी पाहून न पाहिलेसे केले होते.

हायडलबर्ग हे नेकार नदीच्या काठचे जुने विद्यापीठाचे गाव. तौलनिक सार्वजनिक कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा या विषयांना वाहिलेली माक्स प्लांक संस्था तेथे आहे. पुतणी पत्रे नियमाने पाठवी. हल्लीच्या रीतीप्रमाणे ती कागदावर न येता फोनच्या काचेवर उमटत, पण मजकूर जुन्या पत्रांसारखाच ऐसपैस असे. सहा लाखांहून अधिक ग्रंथ तेथे आहेत, त्यांत देशोदेशींच्या घटना, तह आणि निवाडे शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि जगातल्या कोणत्याही दोन राज्यांचे भांडण असो, त्याचा कागद बहुधा तेथे सापडतो, असे तिने कळवले. मी थट्टेने लिहिले, ‘मग आमच्या मुंगी-शेवगावचा तह आहे का पाहा.’ त्यावर तिने मला त्या संस्थेची जन्मकथा लिहून पाठवली, आणि ती वाचून माझी व्याख्या पहिल्यांदा थोडी हलली.

ही संस्था हरलेल्या देशाच्या गरजेतून निघाली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली व्हर्सायचा तह जर्मनीवर लादण्यात आला. त्याच्या कलमाकलमावरून लवाद आणि न्यायालये यांच्यापुढे वाद सुरू झाले, आणि ते लढवण्याइतके जाणकार आपल्याकडे नाहीत असे जर्मनांच्या ध्यानात आले. म्हणून १९२४ साली व्हिक्टर ब्रुन्स या प्राध्यापकाच्या हाताखाली बर्लिनमध्ये ही संस्था स्थापन झाली. तिला जागा मिळाली ती कैसर निघून गेल्यावर मोकळ्या पडलेल्या राजवाड्यात. म्हणजे हरणाराने तो कागद टरकावला नाही. जिंकणाराहूनही बारकाईने वाचायला घेतला. पुढे या देशाने तो कागद टरकावलाही, आणि त्याचे काय झाले ते जग जाणते. त्या काळ्या वर्षांत संस्थेतल्या काहींनी सत्तेला सोयीची लेखणी चालवली. तेथेच काम करणारा बेर्टोल्ड फॉन श्टाउफेनबेर्ग, हिटलरजवळ बॉम्ब ठेवणाऱ्या क्लाउसचा थोरला भाऊ, त्या कटात होता म्हणून १० ऑगस्ट १९४४ रोजी फासावर चढवला गेला. १९४५ च्या फेब्रुवारीत विमानांच्या हल्ल्यात राजवाडा जळाला. १९४९ साली हायडलबर्गला संस्था पुन्हा उभी राहिली, तिचा पहिला संचालक कार्ल बिल्फिंगर हा एके काळी नाझी पक्षाचा सभासद होता, हेही पुतणीने लपवले नाही. ‘काका, पुस्तके तीच असतात, वाचणारे बदलतात,’ एवढीच टीप तिने खाली जोडली होती.

तिचा स्वतःचा विषय नद्यांचा. आमच्या तालुक्यातील मुलीने दुसरा कोणता घ्यावा? आमच्या उत्तरेला जायकवाडीचा नाथसागर पसरलेला आहे. त्यात जमिनी गेलेली माणसे आमच्या ओळखीची आहेत. आणि वरच्या धरणांनी किती पाणी ठेवावे व खाली किती सोडावे, यावरून पाऊस कमी झाला की रण माजते. २००५ सालच्या कायद्याने ‘समन्यायी वाटप’ हा शब्द आमच्या पारावर आणून सोडला. वरच्यांना तो शिवीसारखा वाटतो आणि खालच्यांना मंत्रासारखा. तोच विचार राष्ट्राराष्ट्रांतील नद्यांविषयी १९६६ च्या हेलसिंकी नियमांत आहे, आणि त्याही आधी जर्मनीत डॅन्यूब नदीच्या एका मौजेच्या खटल्यात तो दिसतो. तेथे डॅन्यूब वाहता वाहता चुनखडीच्या पात्रात मुरते आणि डोंगराच्या पलीकडे आख नावाच्या झऱ्यातून वर येऊन ऱ्हाइनला मिळते. एका प्रांताचे पाणी जमिनीखालून दुसऱ्याकडे जाते. तक्रार कोणाविरुद्ध करायची, डोंगराविरुद्ध? १९२७ साली तेथील न्यायालयाने राष्ट्राराष्ट्रांमधील कायद्याचे तत्त्व प्रांतांना लावले आणि सांगितले, की निसर्ग जे नेतो ते सोसा. पण माणसाने आपल्या हाताने शेजाऱ्याचे पाणी वाढवू नये वा तोडू नये. हे मी पारावर वाचून दाखवले, तेव्हा ‘डोंगर आपल्याकडे नाही, पुढारी आहेत,’ असा एकाने शेरा मारला.

तरीही मी तिला एकदा विचारले, की दुसऱ्यांचे कायदे वाचून आपल्याला काय मिळते? नकलेचीच अक्कल ना? तिने उत्तरादाखल न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकरांचे नाव लिहिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६४ साली सज्जनसिंगांचा घटनादुरुस्तीचा दावा चालला, तेव्हा या मराठी न्यायाधीशांनी एक शंका काढली : घटनेचे मूळ स्वरूपच पालटणे म्हणजे दुरुस्ती की नवे लेखन? ही शंका त्यांना सुचण्यास पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल कारण झाला होता. पुढच्याच वर्षी डीटर कॉनराड हे जर्मन पंडित बनारस हिंदू विद्यापीठात याच विषयावर बोलले. ते हायडलबर्गच्याच विद्यापीठातील दक्षिण आशिया संस्थेचे. आपल्या डोळ्यांदेखत एक घटना कायद्याच्याच हाताने कशी मारली गेली, हे जर्मनांनी पाहिले होते. १९७३ साली केशवानंद भारतींच्या खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी ठरवले, की संसदेला घटनेत दुरुस्ती करता येईल, तिचा पाया उखडता येणार नाही. शेजाऱ्याकडून आणलेला विस्तव आपल्याच चुलीत पेटतो, असे मी मनाशी म्हटले आणि तिला मात्र ‘ठीक आहे’ एवढेच कळवले. शिक्षकाने विद्यार्थ्यासमोर एकदम हार मानू नये.

मग एके दिवशी तिने मला काम सांगितले. ‘काका, संस्थेने १९८१ पासून भागाभागांनी प्रसिद्ध केलेला आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक ज्ञानकोश आहे. तो चाळताना पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला हाती आला. त्याचा निकाल मराठीत सारांशाने लिहिते आहे. त्यात पेशवाईतले शब्द आहेत. तुम्ही तपासून द्या.’ आणि ‘सरंजाम म्हणजे नेमके काय?’ असा प्रश्न. मला एकदम वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखे वाटले. तांबडी पेन्सिल काढली आणि पोरीचा सारांश मोठ्या टंकात छापून आणला.

खटला असा. दमणच्या बंदरापासून आत, चहूकडून भारताच्या भूमीने वेढलेले दादरा आणि नगर हवेली हे दोन मुलूख पोर्तुगीजांकडे होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मुक्त झाले. मुक्त करणाऱ्यांत आपले सुधीर फडके होते, हे मराठी वाचकास सांगायला नको. पोर्तुगीज फौज दमणहून तिकडे निघाली असती, पण भारताने मधली वाट दिली नाही. पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे, की हे मुलूख पुण्याच्या पेशव्यांनी १७७९ च्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी आम्हांस दिले, आणि ज्याला मुलूख दिला त्याला तेथवर जाण्याची वाट दिलीच. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि खास न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला बसले होते.

आता पाहा मौज. पुण्याच्या दरबारातील कागदाचा अर्थ लावायला हेगमध्ये जगातल्या देशोदेशींचे न्यायाधीश बसले आहेत आणि प्रश्न पडला आहे तो एका शब्दाचा. पेशव्यांनी दिले ते राज्य की उत्पन्न? मी पुतणीला सविस्तर लिहिले, की आज आपण साजसरंजाम म्हणतो तो घरातल्या सामानाला, पण दरबारी भाषेत सरंजाम म्हणजे चाकरीच्या वा फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेले गावांचे उत्पन्न. खाणाराने ते खावे. गावाचा धनी दरबारच. न्यायालयानेही अखेर तेच म्हटले : मराठ्यांनी दिली ती जहागीर वा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. मला इतका आनंद झाला, की मी पत्नीला स्वयंपाकघरातून बोलावून ते वाक्य वाचून दाखवले. एकतीस वर्षे जे फळ्यावर लिहिले ते हेगपर्यंत पोचले, असे काहीसे माझ्या मनात आले असावे. पत्नी म्हणाली, ‘मग आपण जिंकलो का?’

तेथे घोटाळा होता. न्यायालयाने पुढे म्हटले होते, की पेशवाई गेली, इंग्रज आले, त्यांनी त्या गावांत पोर्तुगीजांना धनी म्हणून पाहिले आणि धनी म्हणून वागवले. मग कागद काय म्हणतो, याहून वागणूक काय म्हणते ते महत्त्वाचे. इंग्रजांच्या आणि नंतर भारताच्या काळात मिळून सव्वाशेहून अधिक वर्षे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची त्या वाटेने बिनतक्रार ये-जा झाली. ही रीत साऱ्या जगाची नसेल. परंतु दोनच राज्यांत दीर्घकाळ चाललेली आणि दोघांनी मानलेली रीतही त्या दोघांपुरता कायदा होऊ शकते. म्हणून १२ एप्रिल १९६० रोजी अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले, की एवढ्यापुरता पोर्तुगालला हक्क होता. फौज, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळा यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी दर वेळी परवानगी मागितली जात असे. आणि जे मागून मिळते तो हक्क नव्हे. हे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि शेवटी नऊ विरुद्ध सहा मतांनी, की १९५४ सालच्या त्या पेटलेल्या वातावरणात भारताने वाट रोखली यात त्याने कर्तव्याचा भंग केला नाही.

पुतणीने या हक्काला ‘जाण्या-येण्याचा अधिकार’ असा शब्द योजला होता. मला तो पुस्तकी वाटला. मी तांबड्या पेन्सिलीने त्यावर काट मारली आणि समासात लिहिले : ‘यास मराठीत वहिवाट म्हणतात. वहिवाट म्हणजे रीत, आणि वहिवाट म्हणजे वाटही. सव्वाशे वर्षांच्या रिवाजाने वाट हक्काची होते, हा सारा निकाल आपल्या भाषेने एका शब्दात बांधून ठेवला आहे.’

हे लिहून झाले आणि पेन्सिल खाली ठेवताना मला आमचा पूर्वेचा बांध दिसला.

प्रथम मी स्वतःची वकिली केली, हे कबूल केले पाहिजे. पोर्तुगीजांनी त्या गावांवर राज्य करायचे होते; दादाला नुसती तूर काढायची होती. तेव्हा उपमा लागू पडत नाही, असे म्हणून पाहिले. पण ते उलट माझ्याच अंगावर येत होते. मग तिसऱ्या मुद्द्याचा आधार घेतला : तणावाच्या वेळी वाट रोखता येते. येते खरी. पण तणाव किती दिवस? ट्रक रुतला त्या आठवड्यात मी कुंपण घातले ते एक वेळ क्षम्य. तीन वर्षांनी तेथे तणाव होता तो फक्त माझ्या दिनदर्शिकेत. शेवटी रिवाजाकडे आलो. बैलगाडी नेताना चुलत्यांनी माझ्या वडिलांना कधी विचारले होते का? कधीच नाही. चुलती वारली तेव्हा तिला अग्नी त्यांच्याच शेतात दिला. तिरडी याच वाटेने गेली, मी पुढे खांदा दिला होता, आणि ‘नेऊ का?’ असे कोणी कोणाला विचारले नव्हते. मळणीचे यंत्र मात्र पहिल्यांदा गावात आले तेव्हा चुलते आमच्या ओसरीवर आले होते. ‘यंत्र न्यायचंय आत. बांध जपून नेतो. नेऊ का?’ वडील म्हणाले होते, ‘ने की.’ मी त्या वेळी दाराआड अभ्यास करीत होतो. हेगच्या पंधरा-सतरा न्यायाधीशांनी जो भेद इतक्या पानांत केला, तो माझ्या चुलत्यांना ओसरीवर उभ्या उभ्या ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या शेतात गेलो. स्वतःचे कुंपण स्वतःच ओलांडून जाण्याची लाज वाटली, म्हणून ओढ्यातून गेलो. पाणी फार नव्हते, पण शेवाळ होते. पलीकडे पोचेपर्यंत एका पायाचा घोटा मुरगळला. दादा तुरीत होता. मला पाहून म्हणाला, ‘इकडून कशाला आलास? तुला तर वाट आहे.’

मी त्याला सगळा खटला सांगितला. तो बांधावर बसून शांतपणे ऐकत होता. सेटलवाड-छागलांशी त्याला कर्तव्य नव्हते. पण परवानगी आणि हक्क यांतला भेद आला तेव्हा त्याने मान वर केली.

‘म्हणजे माणूस, बैल, गाडी हक्कानं.’

‘हो.’

‘आणि उसाचा ट्रक विचारून.’

‘विचारून. आणि बांध फुटला तर भरून.’

‘भरून देतो म्हणालोच होतो मी,’ तो म्हणाला. ‘तू ऐकलं नाहीस.’

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, ‘पोरीनं मुद्दाम पाठवलं काय रे हे तुला?’ ही शंका मलाही आदल्या रात्री आली होती. मी तिला तसे विचारलेही. तिने सारांशातील दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्याबद्दल माझे आभार मानले आणि त्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. ती आता चांगली कायदेपंडित होईल याविषयी मला संशय उरलेला नाही.

काटे आम्ही दोघांनीच काढले. तीन वर्षांत ते वाळून ठिसूळ झाले होते, आणि त्यांतून एक बोरीचे झुडूप वर आले होते. ते दादाने राहू दिले. या खेपेस सारे लिहून ठेवायचे ठरले आहे. मी मसुदा केला, दादाने वाचला, आणि पहिल्याच ओळीत मी ‘परवानगी देण्यात येत आहे’ असे लिहिले होते ते त्याने बोट ठेवून मला दाखवले. एकतीस वर्षांची सवय. तेथे आता ‘वहिवाट आहे’ असे आहे.

एक कलम मात्र अडून बसले आहे. दादाकडे आता बैल नाहीत. गाडी ओढायला भाड्याचा ट्रॅक्टर येतो, आणि ट्रॅक्टर बैलांत मोडतो की फौजेत, याचे उत्तर हेगच्या निकालात नाही. दादा म्हणतो, मागे गाडी असली तर तो बैलच. मी म्हणतो, मागे दोन ट्रॉल्या लावून उसाच्या दिवसांत आला तर तो ट्रकच्या बाजूला झुकतो. परवा दोघे टेप घेऊन चाकांमधले अंतर मोजायला गेलो होतो. पण तोवर ट्रॅक्टरवाला दुसऱ्याच्या नांगरटीला निघून गेला होता.